बोटाची टेंडन शिवली, पुढे काय? हँड थेरपीला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

बोटाची टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) कापली गेली, ऑपरेशन झालं, कोपरापर्यंत प्लास्टर घेऊन घरी आलात. आता भेटायला येणारा पहिला माणूस सांगेल, "महिनाभर हात हलवूसुद्धा नकोस." चार दिवसांनी दुसरा सांगेल, "बॉल दाबायला लाग, नाहीतर बोट आखडेल." दोघांनाही तुमची काळजी आहे आणि दोघांचाही सल्ला ऐकायचा नाही.

बोट वाकवणारे मोठे स्नायू बोटात नसतात, हाताच्या पुढच्या भागात, म्हणजे कोपर आणि मनगटाच्या मध्ये असतात. त्यांच्यापासून निघालेल्या टेंडन्स मनगटातून, तळहातातून बोटात येतात आणि तिथे एका अरुंद बोगद्यातून सरकतात. नेफ्यातून नाडी सरकते तशा. नाडी तुटली आणि गाठ मारली की ती गाठ नेफ्यात अडकते. शिवलेल्या टेंडनचंही तेच. हात नुसता ठेवून दिला तर टाक्याची जागा आजूबाजूच्या भागाला चिकटते, आणि जोर लावला तर टाका तुटतो. म्हणून टेंडन सरकवायची, पण तिच्यावर भार टाकायचा नाही. हँड थेरपीचे, म्हणजे हात परत कामाला लावणाऱ्या उपचारांचे, पहिले सहा आठवडे या एका गोष्टीभोवती फिरतात.

काचेचा ग्लास धुताना हातात फुटला आणि माझ्या डाव्या करंगळीच्या आणि शेजारच्या बोटाच्या टेंडन्स कापल्या गेल्या, करंगळीची एक नर्व्हही (संवेदना नेणारी नस). तेव्हा मला असं लिहिलेलं मराठीत काही सापडलं नव्हतं, म्हणून हे लिहिते आहे. खाली दिलेले आठवडे बोट वाकवणाऱ्या, तळहाताच्या बाजूच्या टेंडनचे आहेत. हाताच्या पाठीवरची टेंडन, मनगटाचं फ्रॅक्चर, कार्पल टनेलचं (मनगटात दबलेल्या नर्व्हचं) ऑपरेशन यांचं वेळापत्रक वेगळं असतं. आणि तुमच्या सर्जननी काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच खरं. टाका किती पक्का बसला ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

१. आधी खात्री करा: नक्की काय कापलं आहे?

जखम लहान दिसते, कॅज्युअल्टीत वरची कातडी शिवून घरी पाठवतात, आणि "दुखतंय म्हणून बोट वाकत नसेल" असं म्हणत दोन-तीन आठवडे निघून जातात. हा सगळ्यात महागात पडणारा घोळ. करंगळीपासून तर्जनीपर्यंत प्रत्येक बोटात वाकवणाऱ्या टेंडन्स दोन असतात. एक मधलं पेर वाकवते, दुसरी टोकाचं. टोकाचीच कापली असेल तर बोट मधून व्यवस्थित वाकतं आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. म्हणून मधलं पेर दुसऱ्या हाताने धरून फक्त टोक वाकतंय का, हे डॉक्टरांना तपासायला सांगा. वाकत नसेल तर हँड सर्जन किंवा प्लास्टिक सर्जनला लगेच दाखवा. ऑपरेशन पहिल्या काही दिवसांत झालेलं चांगलं. उशीर झाला की टेंडनचं टोक मागे ओढलं जातं, स्नायू आखूड होतो, थेट शिवणं अवघड होतं आणि दुसरीकडची टेंडन काढून जोडायची वेळ येऊ शकते.

ऑपरेशन झालेलं असेल तर डिस्चार्ज घेण्याआधी चार प्रश्न विचारा आणि उत्तरं कागदावर लिहून मागा:

- कोणत्या बोटाच्या, कोणत्या टेंडन्स शिवल्या? एक की दोन्ही?
- नर्व्ह किंवा रक्तवाहिनी शिवली का?
- थेरपी कोणत्या तारखेला सुरू करायची?
- बोट स्वतःच्या ताकदीने हळू वाकवायला परवानगी आहे, की फक्त दुसऱ्या हाताने वाकवायचं?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर टाका कसा घातला आहे त्यावर ठरतं. ते माहीत नसेल तर थेरपिस्टला घाबरत घाबरत काम करावं लागतं, आणि त्याचं नुकसान तुमच्या बोटाला.

२. थेरपिस्ट शोधा, टाके निघायची वाट पाहू नका

थेरपी साधारण ऑपरेशननंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सुरू होते. कातडीवरचे टाके अजून जागेवर असतात, ड्रेसिंग चालू असतं, तरीही. "टाके निघाले की बघू" म्हटलं की दोन आठवडे गेलेच.

हँड थेरपी करणारी व्यक्ती ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं परत जमावीत म्हणून उपचार करणारे) असेल किंवा फिजिओथेरपिस्ट, दोन्ही चालतं. पदवीपेक्षा महत्त्वाचं हे की त्यांनी हाताचे पेशंट नियमित पाहिलेले असावेत आणि ते स्वतः स्प्लिंट, म्हणजे हात ठरावीक स्थितीत धरून ठेवणारा साचा, बनवत असावेत. फोनवरच विचारा: "तुमच्याकडे फ्लेक्सर टेंडनचे पेशंट येतात का? डॉर्सल ब्लॉकिंग स्प्लिंट बनवून मिळेल का?" (फ्लेक्सर म्हणजे बोट वाकवणारी टेंडन; हा स्प्लिंट हाताच्या पाठीवर बसतो आणि बोटं मागे ताणली जाऊ देत नाही.) पलीकडून "या तुम्ही, आपण शेक आणि मशीन लावून बघू" असं उत्तर आलं तर दुसरा नंबर फिरवा. कोपऱ्यावरचं क्लिनिक कंबर-गुडघ्यासाठी उत्तम असेल, पण ताजी शिवलेली टेंडन हा वेगळा मामला आहे. महाराष्ट्रात या दोन्ही व्यवसायांसाठी राज्य परिषद आहे, तेव्हा नोंदणी आहे का हे विचारायला संकोच करू नका.

सरकारी आणि पालिकेच्या हॉस्पिटलांना कमी लेखू नका. मुंबईत केईएम, सायन, नायर आणि हाजीअलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था, नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, या ठिकाणी ऑक्युपेशनल थेरपी शिकवली जाते, म्हणजे पेशंट भरपूर आणि हात सरावलेले. केईएममध्ये तर कमला निंबकरांनी १९५० साली देशातली पहिली ऑक्युपेशनल थेरपीची शाळा सुरू केली. रांग लांब असते, केसपेपरसाठी सकाळी लवकर जावं लागतं, हे आहेच.

गावाकडून येणाऱ्यांना आठवड्यातून दोनदा शहरात येणं परवडत नाही. अशा वेळी स्प्लिंट आणि पहिल्या एक-दोन भेटी अनुभवी माणसाकडे करा, व्यायामाचा व्हिडिओ स्वतःच्या फोनवर, स्वतःच्याच हाताचा काढून घ्या, आणि पुढच्या भेटींचं अंतर त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. अमेरिकेत असाल तर नावापुढे सीएचटी, म्हणजे सर्टिफाइड हँड थेरपिस्ट, असं लिहिलेलं शोधा.

हाडवैद्य, मालीशवाले आणि घरचं कोमट तिळाचं तेल, या तिघांना निदान तीन महिने लांब ठेवा. माझ्या सासूबाई रोज वाटी घेऊन उभ्या राहायच्या. शेवटी थेरपिस्ट मॅडमनीच त्यांना सांगितलं, "आजी, जखम भरली की मीच तुम्हाला मालीश शिकवीन, पण आत्ता नको." तेव्हा कुठे वाटी आत गेली.

३. पहिली भेट

सोबत न्यायचं:

- डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशन नोट्स (नसतील तर मागून घ्या, त्या तुमच्याच आहेत)
- सर्जनची थेरपीसाठीची चिठ्ठी, तारखेसह
- एक्स-रे काढला असेल तर तो
- चालू औषधांची यादी; मधुमेह असेल तर अलीकडचे रिपोर्ट
- सैल बाहीचा किंवा बिनबाह्यांचा कपडा
- एक माणूस. वही धरायला, व्हिडिओ काढायला आणि येताना रिक्षात तुमच्या हाताकडे लक्ष ठेवायला

अंगठ्या आणि बांगड्या घरीच काढून ठेवा. सुजलेल्या बोटात अंगठी अडकली की ती कापावी लागते.

या भेटीत प्लास्टर निघतं आणि स्प्लिंट बनतो. मॅडमनी हात कागदावर ठेवून पेनने बाह्यरेषा काढली, तिच्यावरून प्लास्टिकची पांढरी शीट कापली आणि गरम पाण्याच्या ट्रेमध्ये सोडली. मिनिटभरात पांढरी शीट आरपार दिसायला लागली आणि मऊ पडली. टॉवेलवर टिपून आधी स्वतःच्या हातावर लावून पाहिली, मग माझ्या हाताच्या पाठीवर ठेवली: मनगट जवळजवळ सरळ, बोटं मुळाशी वाकलेली, पुढची दोन्ही पेरं सरळ. परत पांढरी होईपर्यंत तशीच धरून ठेवली. कडा बाहेर वळवल्या, पट्ट्या लावल्या, झालं.

या वेळी तुमचं काम एकच, हात सैल सोडायचा. प्लास्टर निघाल्यावर बोट "चालतंय का" हे पाहायचा मोह जबरदस्त होतो. तो आवरा. कुठे टोचतंय का, हाडावर घासतंय का, हे मात्र तिथेच सांगा. पंधरा-वीस मिनिटं घालून बसा आणि काढल्यावर लाल वळ राहतोय का ते दाखवूनच निघा. घरी जाऊन कात्रीने कड कापणारे किंवा आत कापूस भरणारे लोक असतात. त्याने हाताची ठरवलेली स्थिती बिघडते.

४. पहिले सहा आठवडे: सगळा खेळ इथेच

स्प्लिंट चोवीस तास. झोपेतही, किंबहुना झोपेत जास्तच, कारण झोपेत माणूस मूठ आवळतो. आंघोळीला प्लास्टिकची पिशवी बांधा. स्प्लिंटखालचा हात कसा आणि कधी धुवायचा हे थेरपिस्टकडून समोर करून घ्या, अंदाजाने काढू नका. शीट गरम पाण्यात मऊ होते हे पाहिलंच आहे, त्यामुळे स्प्लिंट गरम पाण्याने धुवायचा नाही आणि मे महिन्यात बंद गाडीत ठेवायचा नाही. वाकडा झालेला स्प्लिंट चुकीच्या स्थितीत हात धरून ठेवतो आणि आपल्याला कळतही नाही.

व्यायाम साधारण असा असतो. जागं असताना दर तासाला, मोजक्या वेळा. दुसऱ्या हाताने बोटाचा प्रत्येक सांधा हळूहळू पूर्ण वाकवायचा. मग बोट स्वतःच्या ताकदीने सरळ करायचं, स्प्लिंटच्या पाठीला टेकेपर्यंत. हे टेकणं फार महत्त्वाचं. लोक वाकण्याकडे लक्ष देतात, सरळ होणं विसरतात, आणि मधला सांधा वाकडाच राहतो. तो मागाहून सरळ करणं फार जिकिरीचं काम आहे. सर्जननी परवानगी दिली असेल तर तिसरा भागही येतो: दुसऱ्या हाताने बोट वाकवून ठेवायचं, हात काढायचा आणि ते तिथेच क्षणभर, जोर न लावता, धरायचं.

मोबाइलवर तासाचा गजर लावा. एकदाच बसून तासभर रगडून व्यायाम करणं आणि दिवसभर थोडं थोडं करणं सारखं नाही; पहिल्याने फक्त सूज वाढते.

शिवलेली टेंडन सुरुवातीला रोज बळकट होत जाते असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात दुसऱ्या आठवड्याच्या आसपास ती उलट कमजोर असते, आणि नेमकं तेव्हाच दुखणं कमी झाल्याने आपल्याला धीर आलेला असतो. पोरगं पडताना दिसलं आणि पटकन हात पुढे केला, लोकलमध्ये तोल गेला आणि दांडा पकडला, बादली उचलली: टाके तुटतात ते अशा क्षणी. म्हणून:

- शक्य तोवर गर्दीच्या वेळची लोकल टाळा. चढावंच लागलं तर हात छातीशी ठेवा. मी स्प्लिंटवर भडक लाल टेप गुंडाळली होती, लोक आपोआप बाजूला व्हायचे.
- त्या हातात फोनसुद्धा नको. "फक्त बोटांच्या टोकाने" पिशवी तर नकोच नको.
- दुचाकी बंद. डाव्या हाताला क्लच आहे, उजव्या हाताला ब्रेक.
- कणीक मळणं, कपडे पिळणं, कुकरचं झाकण लावणं ही कामं घरात आत्ताच वाटून टाका. बायकांनो, "तेवढ्यात मी करून टाकते" हे वाक्य सहा आठवडे बंद.
- स्माइली बॉल कुणी भेट दिला तर ठेवून द्या. त्याची वेळ बऱ्याच नंतर आहे.
- तंबाखू, सिगारेट बंद. जखम भरायला रक्तपुरवठा लागतो आणि तंबाखू तोच कमी करते.

पुढचं काही दिसलं तर पुढच्या अपॉइंटमेंटपर्यंत थांबू नका: "टक्" असं जाणवून बोटाचं टोक वाकायचं बंद झालं, जखमेतून पू, वाढता लालसरपणा, ताप, बोट पांढरं किंवा निळं पडलं, जखमेच्या मानाने कितीतरी जास्त, जळजळीत दुखणं आणि सोबत हाताचा रंग, घाम, सूज बदलणं. पहिल्या लक्षणात टाका तुटलेला असू शकतो, आणि तो परत शिवायचा तर दिवस मोजके असतात. "ओरडतील" म्हणून लपवू नका.

५. सूज, व्रण आणि बधिर बोट

सूज हीच बोट आखडण्याची सुरुवात. हात हृदयाच्या वर ठेवा, बसताना उशीवर, झोपताना दोन उशांवर. गळ्यातल्या झोळीत दिवसभर लोंबकळत ठेवला तर सूज उतरत नाही आणि खांदाही धरतो; दिवसातून काही वेळा खांदा आणि कोपर मोकळे फिरवा. बोटाला चिकटपट्टी गुंडाळायला दिली तर टोकाकडून मुळाकडे गुंडाळायची, सैलसर.

टाके निघून जखम पूर्ण मिटली की व्रणाची मालीश सुरू होते. साधं व्हॅसलिन किंवा खोबरेल पुरतं. एका बोटाने दाब देऊन व्रण खालच्या थरावरून हलवायचा असतो, नुसतं वरवर तेल चोळून उपयोग नाही. काहींना सिलिकॉनची पट्टी देतात.

नर्व्ह कापली असेल तर धीर लागतो. ती दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते, म्हणजे तळहातापासून करंगळीच्या टोकापर्यंत पोचायला महिने जातात. वाढताना झिणझिण्या, विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं चालू असतं, ते सहसा चांगलं लक्षण. स्पर्श सहन होत नसेल तर आधी कापूस, मग मऊ कापड, मग तांदळाच्या डब्यात हात फिरवणं, असा चढता सराव देतात. खरा धोका स्वयंपाकघरात आहे. बधिर करंगळी कढईच्या कडेला टेकलेली असते आणि आपल्याला वास आल्यावर कळतं. त्या हाताने गरम काही धरायचं नाही, आणि रोज रात्री बोट डोळ्यांनी तपासायचं.

६. सहा ते बारा आठवडे

सहाव्या आठवड्याच्या आसपास स्प्लिंट हळूहळू सुटतो. बहुतेकांना रात्री आणि गर्दीत तो आणखी काही दिवस घालायला सांगतात. आता बोट स्वतःहून वाकवायचं: आधी फक्त टोकाची दोन पेरं हुकासारखी, मग सपाट मूठ (टोकाचं पेर सरळ ठेवून), मग पूर्ण मूठ. हलका विरोध, म्हणजे मऊ पुटी (दाबायचा चिकणमातीसारखा गोळा), कपड्यांचे चिमटे, साधारण आठव्या आठवड्यापासून. जड काम, जिम, भरलेली बादली बारा आठवड्यांनंतर, तेही विचारून. बोट दुखत नाही हा परवाना नव्हे.

दर भेटीत गोनिओमीटरने कोन मोजतात. ते आकडे वहीत उतरवून घ्या, कारण रोज पाहून फरक कळत नाही. एक साधा हिशेब आहे, हँड सर्जन स्ट्रिकलंड यांचा: मधल्या आणि टोकाच्या सांध्याचं वाकणं मिळवा, सरळ होण्यात जेवढं कमी पडतं तेवढं वजा करा, १७५ ने भागा आणि १०० ने गुणा. समजा मधला सांधा ८० अंश, टोकाचा ४०, आणि सरळ व्हायला १५ कमी. म्हणजे १०५, म्हणजे ६० टक्के. त्यांच्या मूळ प्रतवारीत ८५ च्या वर उत्तम, ७० ते ८४ चांगलं, ५० ते ६९ बरं. उदाहरण मुद्दाम घेतलं आहे: सरळ होण्यातले ते १५ अंश भरून निघाले तर वाकणं जराही न वाढता तुमचं बोट जवळपास ६९ वर जातं.

७. पैसे आणि रजा

मेडिक्लेममध्ये डिस्चार्जनंतरचा खर्च ठरावीक दिवसांपुरताच मिळतो, अनेक पॉलिसींत ६० दिवस. थेरपी चालते बारा आठवडे, म्हणजे ८४ दिवस. म्हणून मुदत आधीच पाहा आणि स्प्लिंटसारखे मोठे खर्च तिच्या आत बसवा. प्रत्येक बिलावर तारीख, नाव आणि नोंदणी क्रमांक हवा, सोबत सर्जनची लेखी चिठ्ठी. "फिजिओ" एवढंच लिहिलेली पावती परत येते. स्प्लिंटचं बिल वेगळं मागा.

इजा कामावर झाली असेल आणि ईएसआयसी (कामगारांचा सरकारी विमा) लागू असेल तर तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात वेतनाच्या ९० टक्के भत्ता मिळतो. त्यासाठी अपघाताची नोंद कारखान्यात त्याच दिवशी व्हायला हवी. सुपरवायझर "बघू नंतर" म्हणाला तरी नोंद करूनच दवाखान्यात जा, किंवा सोबत्याला मागे ठेवून करून घ्या.

८. सगळं करूनही बोट अडकलं तर

असं होतं. बोगद्याच्या त्या भागाला, तळहाताच्या वरच्या रेषेपासून बोटाच्या मध्यापर्यंत, जुने सर्जन "नो मॅन्स लँड" म्हणायचे. तिथे टेंडन लगेच शिवायलाच ते धजत नसत. आज शिवतात, तरी चिकटणं पूर्ण टळत नाही.

ओळखायचं असं: दुसऱ्या हाताने बोट पूर्ण वाकतं, पण स्वतःहून वाकत नाही, तर टेंडन चिकटलेली असण्याची शक्यता जास्त. दुसऱ्या हातानेही वाकत नसेल तर सांधाच आखडला आहे. दोन्हींची थेरपी वेगळी, म्हणून हा फरक थेरपिस्टकडून समजून घ्या. तीन ते सहा महिने नेटाने थेरपी करूनही प्रगती थांबली असेल, तर सर्जन टेनोलिसिस सुचवतात, म्हणजे चिकटलेली टेंडन मोकळी करणं. त्यात एक अट असते: आधी सांधे दुसऱ्या हाताने तरी मोकळे वाकायला हवेत. आणि ऑपरेशननंतर बोट हलवायला पहिल्या एक-दोन दिवसांतच सुरुवात करावी लागते, दुखत असताना, नाहीतर सगळं परत चिकटतं. म्हणून सर्जनकडे तारीख ठरवण्याआधी थेरपिस्टकडे ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवसाची वेळ मिळते का ते पाहा. ती दिवाळीच्या सुट्टीत येत असेल तर ऑपरेशन आठवडाभर पुढे ढकला.